बाबांच्या एस्टीमचा गियर लिव्हर छोटा करायचा उद्योग : नोंदी

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

आम्ही इंदूरला राहतो. गाडी मारुती एस्टीम, २००४ची, १२९८ सीसी पेट्रोल, पाच गियर. बाबांनी नवी घेतलेली, दोनदा री-पासिंग झालंय, मीटरवर १,२६,००० किमी. इंजिन अजून टणटणीत आहे, तक्रार फक्त गियरची. लिव्हर म्हणजे हातपंपाचा दांडा झालाय, पहिल्यातून दुसऱ्यात जायचं तर कोपर पार मागच्या सीटपर्यंत नेल्यासारखं वाटतं. दोन वर्षं डोक्यात होतं की शॉर्ट शिफ्टर, म्हणजे हाताची चाल कमी करणारा लिव्हर, लावायचा, दिवाळी झाली, थोडे पैसे हातात आहेत, तर आता करतोच.

नोंदी अशासाठी की जुन्या रॉडवाल्या मारुतीबद्दल मला मराठीत सोडा हिंदीतही धड काही सापडलं नाही. जे सापडलं ते सगळं 'मस्त चीज है भिया, लगा ले' एवढंच.

आज फक्त मोजमाप. नॉबवर मास्किंग टेप लावून पेनाने ठिपका केला, शेजारी आईची शिवणाची पट्टी धरायला बाबांना बसवलं. पहिला ते दुसरा, नॉब १२० मिमी सरकतो. न्यूट्रलमध्ये नुसताच लोंबकळतो तो वेगळा. मग आईचा बॅगा तोलायचा काटा आणला, त्याचा हूक नॉबखाली अडकवून इंजिन बंद असताना दुसऱ्यात ओढला तर २.६ किलो दाखवतोय. ही दोन मापं आधी घेऊन ठेवा, नंतर 'फरक पडला' असं आपलं मन काहीही सांगतं. मावसभावाला शेजारी बसवून दुसरा-तिसरा गियर बदलतानाचा मोबाईलवर व्हिडिओही काढून ठेवला.

बाबा म्हणाले, "एवीतेवी पट्टी आणलीच आहेस तर त्या पडद्याचंही माप घे."

१५ नोव्हेंबर, शनिवार

पहिला खड्डा, २,७५० रुपयांचा. ऑनलाइन 'युनिव्हर्सल शॉर्ट शिफ्टर' मागवला होता. पॅकेट उघडलं, आत सुंदर ॲनोडाइज केलेला लाल तुकडा, आणि तो माझ्या गाडीत कुठेही बसू शकत नाही. उघडलेलं पॅकेट परत घेत नाहीत म्हणे.

चूक माझीच. गियरबॉक्सपर्यंत हाताची हालचाल पोचवायच्या दोन तऱ्हा असतात हे मी धड बघितलंच नव्हतं. स्विफ्टसारख्या गाड्यांत दोन केबल असतात. जुन्या झेन, एस्टीममध्ये लोखंडी रॉड. रॉडवाल्यात लिव्हर मधे एका गोळीवर बसतो, वरचं टोक आपल्या हातात, खालचं टोक रॉडला बोल्टने, म्हणजे सरळसरळ तरफ. गोळीच्या खालचा भाग लांब केला किंवा वरचा आखूड केला की हाताची चाल कमी होते, बाकी काही नाही. त्यामुळे ज्यांच्याकडे केबलची गाडी आहे त्यांनी या नोंदी गंमत म्हणून वाचा, तिथे काम वेगळं. आणि केबलवाल्या बऱ्याच गियरबॉक्सवर बाहेरच्या आर्मला एक वजन दिलेलं असतं, ते जड दिसतं म्हणून काढून टाकू नका. ते फिरत्या वजनाच्या जोरावर गियर आत ओढून घ्यायला मदत करतं.

गियरची आखूड, खटकेदार चाल म्हटलं की होंडा एस२००० नाहीतर माझदा एमएक्स-५ ची उदाहरणं सगळे देतात. त्या गाड्यांत इंजिनचा जोर मागच्या चाकांना, गियरबॉक्स गाडीच्या लांबीच्या दिशेने ठेवलेला, लिव्हर जवळजवळ त्याच्या डोक्यावरच. मधे लांबलचक रॉड नाही, केबल नाही. आपला गियरबॉक्स आडवा, पुढे बॉनेटखाली, त्यामुळे ती मजा जशीच्या तशी इथे मिळणार नाही हे आधीच मान्य केलेलं बरं.

२३ नोव्हेंबर, रविवार

ओळखीच्या गॅरेजचा रॅम्प रविवारी दुपारी रिकामा असतो. गाडी वर घेतली, उस्तादने खालून रॉड धरून हलवला आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. रॉड गियरबॉक्स जागचा न हलता चांगला बोटभर मागेपुढे होत होता.

उघडल्यावर जे निघालं ते असं. लिव्हरच्या गोळीखालची प्लॅस्टिकची वाटी दोन तुकड्यांत, एक तुकडा नखाएवढा पातळ, हातात घेतला तर मोडला. खालच्या बोल्टचे दोन्ही बुश (भोकात बसणाऱ्या कड्या) गायब, त्यांच्या जागी ग्रीस आणि धूळ मिळून झालेलं काळं मेण, आणि बोल्टचं भोक गोल राहिलेलं नाही, अंड्यासारखं झालंय. दुसरा जो रॉड असतो, एक्स्टेन्शन रॉड, त्याच्या टोकाचं रबर फाटलेलं. या दुसऱ्या रॉडला लोक विचारत नाहीत पण तो लिव्हरच्या बैठकीला गियरबॉक्सशी बांधून ठेवतो, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडल्या-दाबल्यावर इंजिन हललं तर लिव्हरही त्याच्याबरोबर हलतो आणि गियर निसटत नाही. तो ढिला असेल तर वर कितीही भारी लिव्हर लावा, उपयोग शून्य.

सामान छोट्या ग्वालटोलीतून आणलं. वाटी, बुश, रबर मिळून ४२० रुपये. अंडाकार भोकाला उस्तादने पातळ पितळी बुश ठोकून गोल करून दिलं. सगळं मिळून अडीच तास, त्यातला पाऊण तास एक गंजलेला बोल्ट सोडवण्यात.

आणि मग गाडी चालवली. खरं सांगतो, माझी अर्धीअधिक तक्रार तिथेच संपली. चाल मोजली तर तेवढीच, ११८-१२० मिमी, पण लोंबकळणं बंद, दुसरा कुठे आहे ते हाताला कळतं. काट्यावर २.४ किलो. म्हणजे दोन वर्षं मी ज्याला 'लांब चाल' म्हणत होतो ती मुळात ढिली चाल होती.

बाबा म्हणाले, "झालं की मग." पण मला खाज होतीच.

३० नोव्हेंबर, रविवार

भंगारातून दुसरा लिव्हर आणला, ५०० रुपये. बाबांचा ओरिजिनल कापडात गुंडाळून कपाटात ठेवला, त्याला हात लावायचा नाही हा एक निर्णय मी या सगळ्या प्रकरणात शहाण्यासारखा घेतला.

मापं माझ्या लिव्हरची : गोळीच्या मध्यापासून नॉबपर्यंत २७० मिमी, गोळीपासून खालच्या बोल्टपर्यंत ४५. म्हणजे सहास एक. रॉड २० मिमी सरकायला नॉब १२०. मी ठरवलं खालचं टोक १२ मिमी लांब करायचं आणि वरून ३० मिमी कापायचं. २४० ला ५७, म्हणजे ४.२. चाल ८४ मिमी, तीस टक्के कमी.

हिशोबाची दुसरी बाजू मी वहीत लिहिली आणि तिच्याकडे दुर्लक्ष केलं. चाल तीस टक्के कमी म्हणजे जोर तीस टक्के जास्त नाही, तेहेतीसही नाही, तब्बल त्रेचाळीस टक्के जास्त. तरफेत फुकट काही मिळत नाही.

खाली पट्टीचा तुकडा जोडून वेल्डिंग करून घेतलं, कोपऱ्यावरच्या ग्रिल-गेटवाल्याकडे, १५० रुपये. वर हॅक्सॉने कापून डाय मारून नवे आटे पाडले. गोळी वेल्डिंगच्या वेळी ओल्या फडक्यात गुंडाळली होती.

७ डिसेंबर, रविवार

बसवला. तीन तास. लिव्हरच्या खालचा रबरी बूट, म्हणजे धूळ अडवणारं आवरण, काढताना फाटला, म्हटलं बघू नंतर.

काट्यावर ३.४ किलो. २.४ चे ३.४, वहीतला हिशोब शब्दशः उतरला.

सकाळी महूमार्गे जाम गेटच्या घाटात गेलो, मावसभाऊ बरोबर. शेजारी पीथमपुरात नॅट्रॅक्सचा ११.३ किमीचा टेस्ट ट्रॅक आहे, पण आपल्या नशिबी टेस्टिंगला घाटच. आणि घाटात, काय सांगू, भारी वाटलं. दुसरा-तिसरा-दुसरा नुसत्या मनगटावर, खटक खटक. नऊशे किलोच्या आतली गाडी, ८५ घोडे, वळणावळणाला उगाच गियर बदलत होतो. खाली मंडलेश्वरपर्यंत जाऊन आलो, काही काम नसताना.

मग व्हिडिओ लावून फ्रेम मोजल्या. ६० फ्रेमवाला मोबाईल आहे. दुसरा ते तिसरा, क्लच दाबल्यापासून सोडेपर्यंत, जुन्या लिव्हरने सरासरी ३४ फ्रेम, नव्याने २८. सहा फ्रेम म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. आणि ज्या दोन वेळा मी २५ फ्रेममध्ये टाकायला गेलो त्या दोन्ही वेळा आतून कर्रर्र.

यावर जरा लिहितो कारण मीही उलटंच समजत होतो. गियर आत जाण्याआधी सिंक्रोची पितळी रिंग घासून गियर आणि शाफ्ट दोन्हीचा वेग सारखा करते, आणि ती किती लवकर करते हे तिच्यावर किती जोर पडतो त्यावर असतं. शॉर्ट शिफ्टरमध्ये तेवढ्याच हाताने ढकललं तर रिंगवर कमी जोर पोचतो. म्हणजे सिंक्रोला वेळ उलट जास्त लागतो! आपण तो भरून काढायला जास्त जोरात ढकलतो. हात लवकर पोचतो पण गियरबॉक्स तयार नसतो, तिथे करकर होते. लिव्हर बदलून आतला सिंक्रो बदलत नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

शहरातला आठवडा. टिळकनगर ते जवाहर मार्ग, संध्याकाळी साडेसहा. पहिला, दुसरा, थांब, पहिला, दुसरा, समोर ई-रिक्षा, थांब. घाटात जे खटक खटक गोड लागलं ते इथे दर वीस फुटांवर. घरी आलो तर तळहात दुखतोय.

रिव्हर्सला दोनदा करकर. आधी वाटलं शॉर्ट शिफ्टरमुळे. रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे क्लच पूर्ण सुटत नसेल तर तो लगेच ओरडतो. क्लच केबल बघितली तर एक पीळ सुटत आलेला. बदलली, ३८० रुपये, फ्री प्ले (पेडलची सुरुवातीची मोकळी चाल) लावून घेतला, करकर गेली.

१६ डिसेंबर, मंगळवार

तुटला.

पलासिया चौकात सिग्नल सुटला, पहिला टाकला, दुसरा टाकला आणि हातात लिव्हर एकदम मोकळा. मधूनच, वेल्डिंगच्या रेषेला लागून, रेषेवर नाही. नशीब दुसऱ्यात अडकला, पाचव्यात किंवा न्यूट्रलमध्ये नाही. तिथून घरापर्यंत दुसऱ्या गियरवर आलो, प्रत्येक सिग्नलला क्लच अर्धवट सोडत, क्लच प्लेटचा वास खिडक्या उघड्या असूनही येत होता. मागून एकजण ओरडला, "भिया, हैंडब्रेक तो नी लगा रखा?"

उस्तादने तुकडा उलटा करून दाखवला. आत दाणेदार, करडं, साखरेच्या खड्यासारखं. लिव्हरचं पोलाद मध्यम कार्बनचं, ते आधी तापवून न घेता वेल्ड केलं की शिवणीच्या बाजूचा पट्टा ठिसूळ होतो. ग्रिल-गेटवाल्याचा काही दोष नाही, तो रोज माइल्ड स्टीलची फाटकं जोडतो, मी त्याला गियरचा लिव्हर दिला. हा भाग कुणी वाचत असेल तर एवढं ऐका, लिव्हर वेल्ड करू नका. घाटात उतरताना तुटला असता तर मी या नोंदी लिहायला असतो की नाही कोण जाणे.

आईने तुकडा बघितला. काही बोलली नाही, पण दोन दिवस माझ्याशी फोनवरूनच बोलल्यासारखं बोलली.

ओरिजिनल लिव्हर कपाटातून काढून परत लावला, पन्नास मिनिटं.

२१ डिसेंबर, रविवार

पोलोग्राउंडमधला एक लेथवाला मिळाला, सत्तरीचा माणूस. त्याने विचारलं नाही कशासाठी, आधी तुटलेला तुकडा मागितला, मग कपाळाला हात लावला. ईएन-८ च्या (मध्यम कार्बनचं पोलाद) एकाच बारमधून अख्खा लिव्हर काढायचा ठरलं, गोळीसकट, कुठेही जोड नाही. खालचं टोक मिलिंग करून चपटं, त्यात दोन भोकं : एक ओरिजिनलपेक्षा १२ मिमी खाली, एक ८ मिमी खाली. ते दोन भोकांचं त्याने सुचवलं. मी बाराच म्हणत होतो. तो म्हणाला, "दोनों कर देता हूँ, पछताओगे तो वापस मत आना।" वरची लांबी ओरिजिनल २७० ठेवली, तो तीस मिमी कापायचा प्रकार बंद. वरून कापलं की आडवी चालही कमी होते, तिसरा-पाचवा जवळ येतात, मला एकदा तिसऱ्याऐवजी पाचवा लागला होता.

१,४०० रुपये, चार दिवस.

एक राहिलं. ओरिजिनलला वर जो जरासा बाक आहे तो मी सांगायला विसरलो. सरळ दांडा आला. पहिला आणि तिसरा टाकताना बोटं रेडिओच्या पट्टीला घासतात. परत नेऊन गरम करून बाक दिला, गोळीपासून लांब. अजून एक शनिवार गेला.

२८ डिसेंबर, रविवार

नवा लिव्हर १२ च्या भोकावर बसवला. चाल ९५ मिमी, काट्यावर ३ किलो. हाताला चांगला लागतोय, घट्ट पण सरळ.

पण २००० आरपीएमच्या आसपास खालून डबा वाजल्यासारखा आवाज. पूर्ण दुपार गेली. टाकी बघितली, सायलेन्सरचे हँगर बघितले, डिकीतला जॅक बाहेर काढून ठेवला. शेवटी रॅम्पवर सापडलं. खालचं टोक १२ मिमीने उतरल्यामुळे रॉड सायलेन्सरच्या हीट शील्डला जेमतेम लागतोय, उभ्या गाडीत दोन कागदांची फट दिसते, इंजिन हललं की लागतो. शील्डवर चकचकीत घासलेली रेघ होती, नखाएवढी. शील्ड जरा ठोकून खाली वाकवलं, आवाज नव्वद टक्के गेला.

फाटका बूट अखेर बदलला, १८० रुपये. तीन आठवडे तिथून धूळ आणि सायलेन्सरची गरम हवा पायाशी येत होती आणि मी थंडी कमी झाली म्हणत होतो.

गियर ऑइलही बदललं. ७५डब्ल्यू-९० (हा घट्टपणा), जीएल-४ (हा दर्जाचा प्रकार). दुकानदार जीएल-५ देत होता, 'उससे ऊपर वाला है' म्हणून. ते वरचं-खालचं नसतं. जीएल-५ मध्ये जास्त दाबासाठीचं जे रसायन असतं ते पितळी सिंक्रोला बरेचदा मानवत नाही. मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच घाला. तीन लिटर आणलं, १,६२० रुपये, बरंच उरलंय, कुणाला हवं असेल तर टिळकनगरात येऊन न्या.

४ जानेवारी २०२६, रविवार

थंडी. सकाळी सहाला बाबांना स्टेशनवर कुणालातरी आणायला जायचं होतं, गाडी तेच घेऊन गेले. आले ते उजव्या हाताने डावा खांदा दाबतच आत आले.

"अरे, मला गियर टाकायचा असतो, कुस्ती नाही खेळायची."

मी खाली जाऊन काटा लावला. थंड गियरबॉक्सला, रात्रभर बाहेर उभी गाडी, दुसऱ्यात जायला ३.९ किलो. दुपारी ऊन लागून गाडी फिरवून आणल्यावर तोच ३. ऑइल थंडीत घट्ट, सिंक्रो सुस्त, आणि त्यावर आपण हाताची तरफ कमी केलेली. मी गाडी नेहमी दहाच्या पुढे काढतो, ती गरम झाल्यावरच मला मजा येते, म्हणून मला हे कधी कळलंच नाही. बाबा अडुसष्ट वर्षांचे, डावा खांदा मागच्या वर्षी धरला होता. गाडी त्यांची. मी हे सगळं कुणासाठी करत होतो हे जरा लाज वाटण्यासारखंच आहे.

दुपारी लिव्हर ८ च्या भोकावर घेतला. एक बोल्ट, वीस मिनिटं, लेथवाल्याची आठवण आली. चाल १०२ मिमी, म्हणजे ओरिजिनलपेक्षा पंधरा टक्के कमी. काटा २.८. आणि हीट शील्डपासून रॉड चार मिमी वर आला, उरलेला दहा टक्के आवाजही गेला.

११ जानेवारी, रविवार

आठवडाभर दोघांनी चालवली. खर्च लिहून टाकतो.

युनिव्हर्सल तुकडा २,७५०, बुश-वाटी-रबर ४२०, भंगारचा लिव्हर ५००, वेल्डिंग १५०, लेथ १,४००, ऑइल १,६२०, बूट १८०, क्लच केबल ३८०, ग्रीस-क्लॅम्प वगैरे ११०. एकूण ७,५१०. त्यातले ३,४०० निव्वळ पाण्यात. रविवार आठ, शिवाय तो बाकाचा शनिवार.

कुणी विचारलं तर मी म्हणेन आधी ते ४२० रुपये खर्च करा, ऑइल बदला, क्लच केबल बघा, आणि महिनाभर चालवा. मग वाटलंच तर लिव्हर, तोही पंधरा टक्क्यांच्या पुढे नको, निदान या गाडीत. तीस टक्केवाला घाटात अप्रतिम होता, त्याबद्दल मी खोटं बोलणार नाही. पण आम्ही जाम गेटला वर्षातून दोनदा जातो आणि जवाहर मार्गाला रोज. रबराच्या जागी कडक प्लॅस्टिकचे बुश लावायचा सल्लाही मिळाला होता, नाही लावले. इंजिनची सगळी थरथर मग नॉबवर येते आणि एस्टीमच्या डॅशबोर्डला आधीच स्वतःची मतं आहेत.

तो लाल युनिव्हर्सल तुकडा आईने कागद उडू नयेत म्हणून देवघराशेजारच्या फळीवर ठेवलाय.

१४ जानेवारी, बुधवार, संक्रांत

बाबा सकाळी एकटेच सुदामानगरला आत्याकडे तिळगूळ द्यायला गेले, राजवाड्याच्या बाजूने, म्हणजे सगळी गर्दी अंगावर घेऊन. अकराला आले. मी विचारलं कशी वाटली. म्हणाले, "हॉर्नचा आवाज बसलाय, तो बघ." गियरबद्दल काही नाही.

मागचा इंजिन माउंट (इंजिनखालचं रबर) चिरलाय, तो पुढच्या महिन्यात. हॉर्न उद्या.